क्लॅरन्स डीमार: सात वेळा बोस्टन जिंकलेला माणूस आणि त्याच्या हृदयातला तो आवाज

१९ एप्रिल १९११, बोस्टन मॅरेथॉनचा दिवस. त्या काळात पळायच्या आधी डॉक्टर एकेकाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून तपासायचे. रांगेत क्लॅरन्स डीमार नावाचा २२ वर्षांचा पोरगा, छापखान्यात काम करणारा, आधीच्या वर्षी याच शर्यतीत दुसरा आलेला. डॉक्टरांनी ऐकलं आणि सांगितलं की बाबा तुझ्या हृदयात मर्मर म्हणजे जादा आवाज आहे, दमलास तर तिथेच थांब, आणि यापुढे पळणं सोड. तो पळाला आणि जिंकला. २ तास २१ मिनिटं ३९ सेकंद. टॉम लाँगबोट या धावपटूचा १९०७ चा रेकॉर्ड त्याने जवळपास पावणेतीन मिनिटांनी मोडला.

या माणसाने पुढे अजून सहा वेळा बोस्टन जिंकली, शेवटची ४१ व्या वर्षी. आणि तो गेल्यावर डॉक्टरांनी त्याचं हृदय उघडून पाहिलं तेव्हा जे दिसलं त्यावर मेडिकल जर्नलमध्ये पेपर आला. मला डीमारची गोष्ट दोन कारणांनी सांगायचीय, एक म्हणजे माणूसच जबरदस्त, आणि दुसरं म्हणजे लांब पळणाऱ्याच्या हृदयाचं नेमकं काय होतं हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी थोडं त्याच्या लहानपणाचं. जन्म १८८८, ओहायो राज्यातलं मडेरा गाव. वडील लवकर गेले, तेव्हा हा जेमतेम आठ वर्षांचा, घरात भावंडं बरीच, मग आईला हातभार म्हणून हा सुया, टाचण्या, दोरा असलं सामान घेऊन दारोदार चालत विकायचा. पुढे आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला आली आणि याला बोस्टन बंदरातल्या थॉम्पसन बेटावरच्या शाळेत घातलं, शेती आणि हातकाम शिकवणारी गरीब मुलांची शाळा होती ती. तिथून व्हरमाँटला, शेतावर कामं करत करत युनिव्हर्सिटीत, तिथे क्रॉसकंट्री म्हणजे माळरानातून, शेतांतून पळण्याच्या टीममध्ये पळायला लागला. पण घरी पैशांची गरज, त्यामुळे कॉलेज अर्धवट सोडून बोस्टनकडे परत आणि छापखान्यात नोकरी.

छापखान्यातली नोकरी म्हणजे काय ते ज्यांनी जुने प्रेस बघितलेत त्यांना सांगायला नको. खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं जुळवायची, दिवसभर उभं राहून, डोळे फोडून. डाएट, फिजिओ हे शब्दसुद्धा त्याच्या आयुष्यात नव्हते. मग ट्रेनिंग कधी करणार, तर हा कामावर पळत जायचा आणि पळत यायचा, सोबत एक कोरडा शर्ट घ्यायचा, प्रेसवर पोचला की घामाचा काढून तो घालायचा आणि खिळ्यांच्या खोक्यापुढे उभा. हीच त्याची प्रॅक्टिस, आणि पैसा नसलेल्या माणसासाठी यात एक पक्की सोय होती की दिवसातला वेगळा वेळ लागत नाही. शिवाय बोस्टन मॅरेथॉनमध्ये तेव्हा बक्षिसाची रक्कमच नव्हती, सगळे अमॅच्युअर, जिंकलं तर मेडल किंवा कप, आणि पळून झाल्यावर बीफ स्ट्यूची वाटी. दुसऱ्या दिवशी परत कामावर.

आता तो मर्मर. हृदयाला चार कप्पे असतात आणि मधे झडपा, ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. रक्त एका बाजूने जातं, झडप बंद होते, तेव्हा 'लब-डब' असा आवाज येतो. या दोन आवाजांच्या मधे जर 'श्श्श' असा घरघरीसारखा किंवा हवा सुटल्यासारखा आवाज आला तर त्याला मर्मर म्हणायचं. हा आवाज का येतो, तर रक्त शांतपणे वाहायच्या ऐवजी भोवरे करत वाहतं म्हणून. बागेतल्या पाइपचं बघा ना, नळ हळू सोडला तर आवाज नाही, पूर्ण सोडला की तोच पाइप सूं सूं करतो. पाइप तर चांगलाच असतो, पाणी जास्त जोरात जातंय एवढंच. आणि पाइपला कुठे दाब पडून तो चेपला असेल तरीही आवाज येतो. म्हणजे आवाज सारखाच पण कारणं दोन, एक निरुपद्रवी आणि एक काळजीचं. झडप खराब असेल, अरुंद झालेली असेल, गळत असेल, तर मर्मर धोक्याचा. झडप ठणठणीत असून फक्त एका ठोक्यात जास्त रक्त जोराने बाहेर पडत असेल तर तो मर्मर काही करत नाही, लहान मुलांमध्ये, गरोदर बायकांमध्ये आणि तालमीतल्या खेळाडूंमध्ये तो बऱ्याचदा सापडतो.

आज हे दोन वेगळे करायला इकोकार्डिओग्राफी आहे, सोनोग्राफीसारखंच, स्क्रीनवर झडप उघडझाप करताना दिसते. १९११ मध्ये इको नव्हता, तो यायला अजून चाळीसेक वर्षं होती. ईसीजी यंत्र नुकतंच निघालेलं, आणि शर्यतीच्या ठिकाणी तर प्रश्नच नाही. डॉक्टरकडे स्टेथोस्कोप, बोटांनी छाती ठोकून अंदाज घ्यायची पद्धत आणि स्वतःचा कान. म्हणून मला त्या डॉक्टरांवर राग येत नाही खरं सांगायचं तर, त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

शिवाय भीतीला कारणं होती. १८९९ मध्ये स्वीडनच्या हेनशेन नावाच्या डॉक्टरने स्कीइंग करणाऱ्यांची छाती ठोकून ठोकून सांगितलं होतं की यांची हृदयं सामान्य माणसापेक्षा मोठी आहेत, आणि त्याला 'खेळाडूचं हृदय' असं नाव दिलं. हेनशेनचं स्वतःचं म्हणणं होतं की हे मोठेपण चांगलं आहे, जास्त काम करू शकणारं हृदय आहे. पण बाकी बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं की मोठं झालेलं हृदय म्हणजे थकलेलं हृदय, कारण दवाखान्यात त्यांना जी मोठी हृदयं दिसायची ती आजारी माणसांचीच असायची. त्यात १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थॉमस हिक्सला मधेमधे स्ट्रिकनीन हे विषारी औषध आणि ब्रँडी पाजून कसंबसं शेवटपर्यंत नेलेलं, १९०८ ला लंडनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये परत परत कोसळलेला. हे बघितलेल्या माणसाला मॅरेथॉन म्हणजे जीवाशी खेळ वाटणारच.

आणि डीमार स्वतः ज्या शर्यतीत पुढच्या वर्षी पळाला तिथे तर खरंच एकाचा जीव गेला. १९१२, स्टॉकहोम ऑलिंपिक, जुलैचा कडक उन्हाचा दिवस. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो अंगाला ग्रीस चोपडून पळाला होता, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून, पण त्यामुळे घाम बाहेर पडेना आणि शरीर गार होईना, तो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. डीमार त्या शर्यतीत बारावा आला. टीमच्या कोचनी आपल्याला गरजेपेक्षा जास्त आणि आपल्या पद्धतीविरुद्ध ट्रेनिंग करायला लावलं अशी त्याची तक्रार होती, आणि त्यानंतर त्याने कुठल्या कोचचं फारसं ऐकलं नाही.

मग आला तो मोठा गॅप. १९१२ नंतर डीमार शर्यतींमध्ये पळायचा जवळजवळ थांबला. डॉक्टरांची गोष्ट डोक्यात होती, ते एक. दुसरं म्हणजे तो खूप धार्मिक, चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायचा, स्काउटची मुलं सांभाळायचा, आणि स्वतःच्या कपासाठी, नावासाठी पळणं हे बरोबर आहे का असा त्याला खरोखर प्रश्न पडला होता. तिसरं, शिक्षण राहिलेलं, नोकरी करून हार्वर्ड युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनचे म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीचे वर्ग केले, पुढे बोस्टन युनिव्हर्सिटीची मास्टर्ससुद्धा. १९१७ ला मधेच एकदा येऊन बोस्टनमध्ये तिसरा आला. एवढंच. २३ ते ३३ ही वर्षं कुठल्याही धावपटूची सोन्याची वर्षं असतात आणि याची बहुतेक सगळी अशी गेली. मला याचं वाईट वाटतं, दरवेळी हे वाचताना वाटतं. त्याला स्वतःला किती वाटलं ते त्याच्या एका बोलण्यात दिसतं, तो पुढे म्हणायचा की त्या दिवशी डॉक्टर बहुतेक स्वतःच्याच हृदयाचे ठोके ऐकत असतील.

(त्या दहा वर्षांत आपल्याकडेही एक गोष्ट झाली ती सांगायलाच पाहिजे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली माणसं बघितली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून टीम पाठवायचं ठरलं, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळले आणि १९ वे आले. डीमार त्या ऑलिंपिकला नव्हता, नाहीतर दोघं एकाच रस्त्यावर दिसले असते.)

१९२२. डीमार ३३ वर्षांचा, परत बोस्टनच्या लाइनवर. २ तास १८ मिनिटं १० सेकंद. जिंकला आणि आधीच्या वर्षीचा फ्रँक झुनाचा रेकॉर्ड ४७ सेकंदांनी मोडला. म्हणजे २२ व्या वर्षीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा ३३ व्या वर्षी साडेतीन मिनिटं फास्ट! १९२३ ला परत, १९२४ ला परत, सलग तीन. पेपरवाल्यांनी नाव पाडलं मिस्टर डीमॅरेथॉन.

हे कसं काय, वय वाढलं की वेग कमी व्हायला पाहिजे ना? १०० मीटरवाल्याचा होतो, लवकर होतो. लांब पळणाऱ्याचं गणित वेगळं आहे. लांब पळण्यात तीन गोष्टी लागतात, हृदयाने रक्त किती ढकललं, स्नायूंनी त्यातला ऑक्सिजन किती वापरला, आणि तेवढ्याच वेगाला तुमची ताकद किती कमी खर्च झाली. यातली पहिली गोष्ट तिशीनंतर हळूहळू उतरायला लागते, पण पळत राहणाऱ्यात फारच हळू. दुसरी आणि तिसरी मात्र वर्षानुवर्षं सुधारत राहतात, स्नायूत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींच्या आतले ऊर्जा बनवणारे कारखाने म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, पावलं उगाच उड्या मारणं बंद करतात. दहा वर्षं कामावर पळत जाणाऱ्या माणसाचे पाय आतून पूर्ण वेगळे झालेले असतात, बाहेरून तसेच दिसतात.

वेळांबद्दल एक घोळ आहे तो इथेच सोडवते, नाहीतर आकडे बघून गोंधळ होतो. १८९७ पासून बोस्टनचा रस्ता साधारण साडेचोवीस मैलांचा म्हणजे ३९.४ किलोमीटरचा होता, ४२.१९५ किलोमीटर नव्हता. ते अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आलं आणि १९२१ ला ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने पक्कं केलं. बोस्टनवाल्यांनी १९२४ ला सुरुवात ॲशलंडहून मागे हॉपकिंटनला नेली, झालं आता पूर्ण मॅरेथॉन असं सगळ्यांना वाटलं, पण नंतर मोजल्यावर १७६ यार्ड म्हणजे साधारण १६० मीटर कमी निघालं, ते १९२७ ला दुरुस्त केलं. म्हणून त्याचा १९२२ चा २:१८ आणि १९३० चा २:३४ हे थेट कम्पेअर करू नका. किलोमीटरमागे काढलं तर १९२२ ला साधारण साडेतीन मिनिटं आणि १९३० ला ३ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे आठ वर्षं मोठा होऊन आणि जवळजवळ तीन किलोमीटर जास्त पळून फरक फक्त दहा सेकंदांचा.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डीमारला ब्राँझ मिळालं, २:४८:१४. सोनं फिनलंडच्या अल्बिन स्टेनरूसला, तो ३५ वर्षांचा, डीमार ३६ चा. यानंतर अमेरिकेच्या कुठल्याही धावपटूला ऑलिंपिक मॅरेथॉनचं मेडल मिळालं ते थेट १९७२ ला, फ्रँक शॉर्टरला, ४८ वर्षांनी.

१९२५ ला बोस्टनमध्ये दुसरा. १९२६ ची शर्यत मात्र भारी झाली, ऑलिंपिक चॅम्पियन स्टेनरूस आला होता, डीमार होता, सगळ्यांचं लक्ष या दोघांवर, आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचा जॉनी माइल्स नावाचा किराणा पोचवणारा पोरगा कुणाच्या ध्यानीमनी नसताना दोघांनाही मागे टाकून जिंकून गेला. पुढच्या वर्षी माइल्स परत आला, बूट हलके व्हावेत म्हणून त्याच्या वडिलांनी तळवे वस्तऱ्याने तासून पातळ केलेले. त्या दिवशी नेमकी प्रचंड गरमी, नवीन केलेल्या रस्त्यावरचं डांबर वितळलेलं, माइल्सच्या पायाची पार वाट लागली आणि त्याला सोडावं लागलं. डीमारने त्याच डांबरातून २:४०:२२ मध्ये शर्यत काढली, बोस्टनवरची पहिली खरी पूर्ण अंतराची मॅरेथॉन ती. १९२८ ला परत जिंकला, आणि १९३० ला सातव्यांदा, वय ४१. पुरुषांच्या पळण्याच्या शर्यतीत बोस्टन सात वेळा जिंकणारा दुसरा कुणी नाही आणि त्याच्याहून मोठ्या वयात जिंकणाराही नाही.

स्वभावाने गोड वगैरे नव्हता हां. पळताना कुणी मधे आलं, अंगावर पाणी ओतलं, सही मागायला आडवं आलं की भडकायचा, एकदोघांना बुक्केही खायला मिळालेत. रस्त्यात गाड्या आणि सायकली धावपटूंच्या अंगाला घासून चालायच्या तेव्हा, त्यामुळे मला तो राग समजतो.

आता प्रयोगशाळेची गोष्ट, माझ्या सगळ्यात आवडीची. १९२७ ला हार्वर्डमध्ये एक लॅब निघाली, फटीग लॅबोरेटरी, माणूस का थकतो हे मोजायची लॅब. डेव्हिड ब्रूस डिल आणि त्याच्या सोबतच्यांनी वेगवेगळ्या माणसांना ट्रेडमिलवर एकाच वेगाने पळवलं, ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटर, वीस मिनिटं, आणि रक्त तपासलं. त्या माणसांत डीमार होता. बाकीच्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढत गेलं, डीमारच्या रक्तात ते जवळपास आराम करतानाएवढंच.

लॅक्टेट म्हणजे काय ते नीट बघू कारण याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. स्नायू साखर जाळतात. ऑक्सिजन वापरून निवांत जाळता आली तर ती पूर्ण जळते. काम इतकं वाढलं की तो रस्ता पुरत नाही, तेव्हा शॉर्टकटने ऊर्जा काढावी लागते आणि त्यात लॅक्टेट तयार होतं. ते विष नाही, शरीर नंतर ते इंधन म्हणून वापरतंसुद्धा. पण रक्तात ते साठायला लागलं म्हणजे तुम्ही तुमच्या झेपण्याच्या पुढे गेलात याची ती खूण आहे. जो वेग बाकीच्यांना धाप लावत होता तो डीमारसाठी बाजारात चालत जाण्यासारखा होता. हे पूर्वी लोकांना डोळ्यांनी दिसायचं, इथे आकड्यात दिसलं.

आणि हृदयाचं गणित असं. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. नेहमीचं हृदय एका ठोक्यात ७० मिली ढकलतं, ७० ठोके, झाले पाच लिटर. सराव केलेलं हृदय एका ठोक्यात १०० मिली ढकलतं, मग ५० ठोक्यांत काम होतं. म्हणून पळणाऱ्यांचा पल्स कमी असतो. रक्तदान शिबिरात माझा पल्स ४८ बघून तिथल्या ताईंनी दोनदा मोजला आणि विचारलं चक्कर येते का तुम्हाला, मी म्हटलं नाही हो, मी पळते, मग हसल्या. पण हेच १०० मिली रक्त त्याच झडपेतून एका दमात जायला लागलं की आवाज व्हायची शक्यता वाढते, म्हणजे आपण वर म्हटलेला पूर्ण सोडलेला नळ. डीमारचा मर्मर बहुधा याच जातीचा, कारण त्यानंतर तो ४० पेक्षा जास्त वर्षं पळला.

खरंच पळला. १९२९ ला तो न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावी शिक्षक म्हणून गेला, तिथल्या नॉर्मल स्कूलमध्ये म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात, छपाई शिकवायचा. सातवी बोस्टन तिथे असतानाच जिंकली. आज तिथे त्याच्या नावाची मॅरेथॉन होते. नंतर परत मॅसॅच्युसेट्स, रेडिंगला शेत, गाई, जोडीला छापखान्याचं काम. बोस्टनला जवळजवळ दरवर्षी हजर, १९५४ ला शेवटचं, ६५ व्या वर्षी, ७८ वा आला. शेवटची शर्यत १९५७, मेन राज्यातल्या बाथमध्ये, १५ किलोमीटर, आणि तोपर्यंत कॅन्सरने त्याला गाठलेलं होतं. ११ जून १९५८ ला गेला, सत्तरी पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते.

मग त्याचं हृदय तपासलं. जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट, यातले व्हाइट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे हृदयतज्ज्ञ. १९६१ ला त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सगळं मांडलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या ज्या कोरोनरी रक्तवाहिन्या, त्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. आतल्या भिंतीवर वयाप्रमाणे चरबीचे थर होतेच, पण नळीच एवढी मोठी की त्या थरांनी अडथळा झाला नव्हता. दहा फुटी रस्त्यावर दोन फूट अतिक्रमण झालं तर गाड्या अडतात, तीसफुटी रस्त्यावर कुणाला कळतही नाही, तसंच.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीय कारण पुढे याचा चुकीचा अर्थ काढला गेला. हे एका माणसाचं हृदय आहे. त्या रुंद वाहिन्या पळून पळून झाल्या की तो जन्मतः तसाच होता म्हणून इतका पळू शकला, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही, बहुतेक दोन्हींचा वाटा असणार. १९७० च्या दशकात थॉमस बॅसलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर जाहीरच केलं की मॅरेथॉन पळणाऱ्याला कोरोनरीचा आजार होऊच शकत नाही, एक प्रकारची लस आहे ही. लवकरच मॅरेथॉन पळणाऱ्यांचे हार्ट अटॅक पुराव्यानिशी समोर आले आणि तो दावा कोसळला. आणि अमेरिकेत लाखो लोकांना पळायला लावणारे जिम फिक्स १९८४ ला पळतानाच गेले, ५२ व्या वर्षी, त्यांच्या वाहिन्या आतून तुंबलेल्या होत्या, वडीलही हृदयविकारानेच तरुणपणी गेलेले. पळण्याने धोका कमी होतो हे खरं, शून्य होत नाही हेही तितकंच खरं.

म्हणून तुम्हाला कुणी मर्मर आहे सांगितलं तर डीमारसारखं दुर्लक्ष करून पळू नका आणि डीमारसारखं दहा वर्षं शर्यतीही सोडू नका. कार्डिओलॉजिस्टकडे जा, इको करा, घरात कुणी लहान वयात अचानक गेलं असेल तर ते आधी सांगा, पळताना छातीत दुखतं, डोळ्यापुढे अंधारी येते असं काही असेल तर तेही लपवू नका. इकोला अर्धा तास लागतो, डॉक्टर स्क्रीन तुमच्याकडे वळवतात आणि झडप उघडताना, मिटताना तुम्हाला स्वतःला दिसते.